बळदातल्या टोपल्या

अक्का, काल काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगू? तुमचे धाकटे दीर, म्हणजे आमचे मालक, निम्मं ऐकून ‘बरं, बरं’ म्हणतात आणि पायात वहाणा सरकवतात. शेजारच्या राबियाबीनं तर सगळं डोळ्यांनीच बघितलं, तिला काय सांगायचं! तेव्हा तुम्हीच ऐका. तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि तुमच्या बळदावरून आपल्या घरात केवढं रामायण झालं! मधे मधे ‘सुम्म कुंद्र’ म्हणून मला गप्प बसवायचं नाही. जन्मभर बसवलंत. आता माझी पाळी.

तुमचे दिवस झाले, जंगमस्वामी जेवून गेले, आळंदकडची तुमच्या माहेरची माणसं पांगली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठे भाऊजी ओसरीवर उभे राहून, कुणाकडंही न बघता म्हणाले, “त्ये बळद मोकळं करून टाका. करडईची पोती ठेवायची हायेत. बाजारच्या दिशी उमरग्याचा गाडीवाला येतोय. समदं भंगार एकदाच घेऊन जाईल.”

भंगार! अक्का, तुमच्या नवऱ्याच्या तोंडून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजींसमोर मी कधी मान वर करून बोलले नाही. काही सांगायचं असलं की ते दाराआडून, आणि तेही तुमच्या मार्फत. आता मधलं माणूसच राहिलं नाही. मग मी दाराआडूनच, पण चांगली मोठ्यानं म्हणाले, “भंगार न्हाय त्ये. मला एक दिस द्या. नीट लावून दावते. मग तुमीच बघा अन् ठरवा.”

भाऊजी “बघू” म्हणाले. त्यांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मी मात्र त्याला ‘हो’ समजून पदर खोचला.

खरं सांगू? करडईला पेठेतल्या गोदामात हवी तेवढी जागा आहे. भाऊजींना बळदाच्या दारावरून जाववत नव्हतं. तुम्ही गेल्यापासून ते ती वाट सोडून परसदारानं वळसा घालून दुकानात जात होते. एवढं कळायला शहाणपण लागत नाही. पण त्यांना ते दार बघवत नाही म्हणून तुमचं बळद रिकामं करायचं, हे मला पटेना. त्या बळदात तुमच्याइतकीच माझीही वर्षं गेली आहेत. ते गेलं असतं तर आपण दोघींनी मिळून केलेलं म्हणून दाखवायला माझ्याकडं दुसरं काय उरलं असतं?

मी या घरात आले तेव्हा अंगावरची हळद उतरली नव्हती. माहेरी, तामलवाडीला, आमचा कारभार सरळ होता. फुटलं की उकिरड्यावर, फाटलं की चुलीत. तसंच समजून मी एक बिनबुचाची औषधाची बाटली परसात भिरकावली. तुम्ही भाकरी थापत होता. तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठलात, पिठाच्या हातानं उकिरड्यावर गेलात, बाटली उचलून आणलीत आणि माझ्यासमोर धरून विचारलंत, “ह्येनं तुझं काय वाईट केलं हुतं गं?”

मला हसू आवरेना. तुम्ही मात्र हसला नाहीत. मनगटाला धरून मला बळदात नेलंत.

धान्य भरायची ती जाड भिंतींची, बिनखिडकीची कोठी. धान्याचा व्यापार पेठेत गेल्यापासून ती रिकामी पडली होती आणि तुम्ही ती बळकावली होती. छतातल्या सान्याच्या झरोक्यातून उजेड खाली येत होता आणि फळ्यांवर नुसत्या टोपल्याच टोपल्या! त्याही तुमच्याच हातच्या. रद्दी भिजत घालायची, मेथ्या वाटून त्यात मिसळायच्या, उखळात कुटायचं आणि पालथ्या घागरीवर थापायचं. वरून कचेरीचे जुने उर्दू कागद चिकटवलेले. निजामाचं राज्य गेलं, कचेरीची भाषा बदलली आणि ते कागद कुणाच्याच कामाचे राहिले नाहीत. तुमच्या मात्र कामाचे राहिले. भाऊजी उर्दू शिकलेले, ते टोपल्या वाचायचे आणि चिडायचे. “सरकारी हुकमात चिंध्या ठेवतीस का?” तुम्ही म्हणायचात, “मग काय त्येची पूजा करू?”

मला तर जत्रेत आल्यासारखं वाटलं. निळ्या बाटल्या, हिरव्या बाटल्या, वनस्पती तुपाचे डबे, शाईच्या दौती, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, मलमलीचे तुकडे, लुगड्यांचे काठ, सुतळीची गुंडाळी. पण काही टोटल लागेना. एका टोपलीत बाटली, तिच्याखाली फडकं, त्याखाली डबा. दुसरीत पुन्हा बाटली, पुन्हा फडकं, वर खराट्याच्या काड्या. मी म्हणाले, “अक्का, ह्ये सगळं कालवून ठिवलंय की तुमी!”

“कालवून न्हाय,” तुम्ही म्हणालात. “ही बाळंतिणीची. ही तापाच्या मानसाची. ही लोणच्याची. ही, पोरगं परगावी शिकाय निगालं की त्याची. ही पाऊस गळाय लागला की उघडायची.”

तिथून जे भांडण लागलं ते तुम्ही जाईपर्यंत सुटलं नाही. माझं म्हणणं, बाटल्या बाटल्यांत ठेवाव्यात, डबे डब्यांत, कापड कापडात, लोखंड लोखंडात. बघणाऱ्याला दिसलं पाहिजे आपल्याकडं काय आहे. तुमचं म्हणणं, दिसून काय करायचंय? नवी वस्तू हातात आली की तुम्ही ती उलटीसुलटी करायचात आणि तिलाच विचारायचात, “तू कुणाकडं जाणार गं बाई?” जणू उपवर मुलगी घरात आहे! एकदा एका चपट्या बाटलीसाठी तुम्ही आठवडाभर स्थळ शोधत होता. मी म्हणाले, “ठेवा की बाटल्यांत!” तर म्हणालात, “बाटल्यांत ठिवली की ती नुसती बाटली हुती, शांते. तिथं तिला कोन इचारतंय?” मी म्हणाले, “अन् मला शोधायला लागली की?” तुम्ही म्हणालात, “सुम्म कुंद्र.”

हरायची वेळ आली की तुम्ही कानडीत शिरायचात. हे मी तोंडावर कधी बोलले नाही, आज बोलते.

लुगड्याचं तर तुम्ही आयुष्य ठरवून दिलं होतं. मधे विरलं की दोन धड भाग जोडून दंड घालायचा. दंडाचं फाटलं की वाकळ. वाकळीत बसत नाही ते उकळून बाळाच्या दुपट्याला. दुपटं झिजलं की भुई पुसायचं पोतेरं. पोतेरं आणि दुपटं यांची भेट मात्र होता कामा नये. उकळून वाळवलेल्या प्रत्येक फडक्याच्या घडीत तुम्ही कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचात. एकदा मी विचारलं, “कसर लागू नये म्हणून का?” तुम्ही म्हणालात, “व्हय, अन् वळखू यावं म्हणूनबी.” ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिच्यामुळंच माझी फजिती झाली.

आणि टोपली भरतानाचं तुमचं ते म्हणणं! दुपारी भाऊजी जेवून ओसरीवर सोलापूरचा पेपर घेऊन पडायचे, आणि तुम्ही बळदात बसून मोठ्यानं म्हणायचात. डोईपासून सुरुवात. आधी बाळाचं टोपडं, मग झबलं, लंगोट, दुपटं. मग आईचं, कानाला बांधायचं फडकं, पोटाला पट्टा, शेकाची वीट गुंडाळायला जाड कापड, पायाला तेल चोळायला चपटी बाटली. माणूस डोईपासून पायापर्यंत डोळ्यांसमोर आणलं की काही विसरत नाही, हा तुमचा हिशेब. मी म्हणायचे, काय ही शाळेतली उजळणी! पण झोपेत विचारलं तर मलाही ते पाठ असेल अशी माझी समजूत होती.

राबियाबीच्या पोपटाच्या डब्याचं आठवतं का? आठवतं कसलं, तुम्हीच त्याच्या मुळाशी! बिस्किटांचा डबा, झाकणावर पोपट. तो पहिल्यांदा आला कुठून ते ना तुम्हाला ठाऊक ना तिला. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही, ही तर आपली रीत. तुम्ही समजायचात डबा तिचा, म्हणून त्यात भाजक्या शेंगा घालून पाठवायचात. ती समजायची डबा तुमचा, म्हणून तिच्याकडून कोऱ्या शेवया नाहीतर खारका यायच्या. त्यांच्या चुलीवरचं आपल्याकडं खात नाहीत, हे तिला माहीत, म्हणून नेहमी कोरडंच. डबा परत आला की तुम्ही कपाळाला हात लावायचात, “बाई, ह्या डब्याचं काय करू! तिची वस्तू तिला पोचतच न्हाय!” भिंतीपलीकडं तीही नेमकी तसंच म्हणायची. मी एकदा दोघींना समोरासमोर उभं करून विचारलं, डबा कुणाचा? दोघींनी एकमेकींकडं बोट दाखवलं. हसून हसून माझ्या पोटात कळ आली. तुम्ही दोघी मात्र गंभीर, जणू कोर्टात उभ्या आहात. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तो डबा भरून आला. खारका होत्या. ती दारातूनच डबा माझ्या हातात देऊन गेली.

त्या दिवसाचंही सांगायला हवं. तुमचा श्वास थांबला आणि घरात नुसता गोंधळ उडाला. बायका रडत होत्या, पुरुष एकमेकांना विचारत होते की हे आणलं का, ते आणलं का. आपल्यात बसवून, सजवून नेतात. त्याला काय काय लागतं हे कुणाच्याच डोक्यात येईना. मी उठले आणि बळदात गेले. सगळ्यात खालच्या फळीवरची ती टोपली तुम्ही गल्लीतल्या कितीजणांसाठी काढून दिली होती. विभूतीची पुडी, बसवून न्यायच्या विमानाला बांधायला सुतळी, रंगीत काठांच्या पट्ट्या, धुतलेलं पांढरं कापड, पाण्याला धड बुडाचा लहानसा डबा. सगळं जागच्या जागी. एक वस्तू बाजारातून आणावी लागली नाही. तुम्ही ती भरताना एकदा तरी मनात आणलं असेल का, की यातलं आपल्यालाही लागेल? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही ‘सुम्म कुंद्र’च म्हणाला असता. ती टोपली काढून देताना मला तुमचा इतका आधार वाटला, की तुम्हीच गेलात हे दोन क्षण विसरले. तेवढ्यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

बरं, आता कालचं. कालचं म्हणजे परवापासूनच सुरू होतं!

परवा मी बळदाचं दार उघडलं आणि मला काय वाटलं सांगू? रागावू नका. आनंद वाटला. इतकी वर्षं ज्यावरून भांडले ते आता माझ्या मनासारखं लावायचं! अडवायला कोणी नाही! भाऊजींना दाखवायचं होतं ना, हे भंगार नाही म्हणून? मग देखणं दिसायला नको? मी सगळ्या टोपल्या खाली उतरवल्या, रिकाम्या केल्या आणि सपाटा लावला. बाटल्या पुसल्या, उंचीनं लावल्या, निळ्या एकीकडं, हिरव्या एकीकडं. डबे एकात एक. पत्रा वेगळा, लोखंड वेगळं. कागदाचे गठ्ठे. चिंध्या झटकून, घड्या घालून त्यांची ही एवढी चळत. घड्यांतला वाळका पाला सगळीकडं सांडत होता, तो मी झाडून परसात टाकला. रिकाम्या टोपल्या मोठ्यात लहान घालून कोपऱ्यात रचल्या. संध्याकाळी उंबऱ्यात उभी राहून बघितलं, अक्का, काय दिसत होतं! सोलापूरच्या पेठेतल्या दुकानानं झक मारावी! मी स्वतःशीच म्हणाले, बघा आता, याला कोण भंगार म्हणतंय.

काल बाजाराच्या दिवशी सकाळीच गाडीवाला आला. बैल सोडले, लिंबाखाली बांधले, आणि भाऊजी यायच्या आधीच बळदात डोकावला. त्याचा चेहरा असा उजळला!

“वा वैनी, वा! काच अलग, पत्रा अलग, चिंध्या अलग! असं निवडून कोन देतंय हो? माजं निम्मं काम तुमीच केलं. आता नुस्तं तोलायचं अन् गाडीत भरायचं.”

तेवढ्यात मागून भाऊजी आले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी त्या दारातून आत बघितलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नजर फिरवली, पुन्हा फिरवली, काहीतरी शोधत असल्यासारखी. मग हळूच म्हणाले, “आता मातर खरंच भंगार दिसाय लागलं. तिचं कायबी दिसंना ह्यात.”

आणि गाडीवाल्याला म्हणाले, “भर.”

अक्का, मी काय करून बसले! घर वाचवायला निघाले आणि वेशीचं दार उघडून दिलं! आणि नेमकी तेव्हाच राबियाबी धापा टाकत ओसरीवर आली, डोक्यावरची ओढणी खांद्यावर, पायात काही नाही.

“शांता! अगं जल्दी! बाळंतपनाचा टोपला दे! जुबेदाला दर्दां सुरू झाल्यात, दिस भरायच्या आधीच! सुईन येऊन बसलीया अन् घरात एक तयार फडकं न्हाय!”

तिची लेक पहिलटकरीण. ‘अक्काचं टोपलं आहे की’ म्हणून तिनं काही जमवून ठेवलं नव्हतं. गल्लीत कोण ठेवतं? मी फळीकडं धावले. फळीवर टोपली कुठली! मीच ती रिकामी करून कोपऱ्यात रचलेली! चिंध्यांच्या चळतीकडं वळले. उकळलेलं फडकं कुठलं आणि पोतेरं कुठलं? दोन्ही धुवट, दोन्ही मऊ, दोन्हींच्या सारख्या घड्या. पाला मीच झाडून टाकला होता. आणि ते डोईपासून पायापर्यंतचं म्हणणं? टोपडं, झबलं, आणि पुढं? पुढचं काही आठवेना! “अल्ला, लवकर गं!” राबियाबी ओरडत होती.

आणि मागून आवाज आला, “डोईपासनं!”

भाऊजी! पागोटं काढून ओसरीवर ठेवलं, आत शिरले, आणि सरळ चिंध्यांच्या ढिगापुढं मांडी घालून बसले. “डोईपासनं,” ते पुन्हा म्हणाले आणि स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. “बाळाचं टोपडं. मलमलीचं. झबलं. लंगोट. दुपटं.” एक फडकं उचललं, नाकाला लावलं. “ह्ये न्हाय.” दुसरं उचललं. “ह्ये... व्हय! कडू वास येतोय. घे!” मीही हुंगायला लागले. राबियाबी हुंगायला लागली. भाऊजी आपल्या कानांवर हात ठेवून म्हणत होते, “आईच्या कानाला फडकं!” मग पोटावर थाप मारून, “पोटाला पट्टा! इरकलीच्या काठाचा, तिथं बघ, त्या तांबड्याखाली!” पेठेतला एवढा मोठा अडत्या, ज्याच्यासमोर मी दारात उभी राहत नव्हते, तो माझ्या शेजारी बसून चिंध्या हुंगत होता आणि आपलं पोट बडवत होता. हसावं की रडावं? “बाटली! पायाला तेलाची, चपटी!” गाडीवाला बिचारा दारात उभा होता, तोही आत घुसला आणि बाटल्यांत हात घालून शोधायला लागला. “ही का मालक?” “ती न्हाय, चपटी!” “ही?” “ही!”

टोपलं भरलं. राबियाबी ते छातीशी धरून धावत सुटली, तिची पायताणं अजून तिच्या दारातच असणार. बळदात आम्ही तिघं, आणि मी एवढं नीट लावलेलं सगळं उधळलेलं. भाऊजींच्या मांडीवर एक फडकं राहिलं होतं. ते त्याच्याकडं बघत म्हणाले, “रोज दुपारी ऐकत हुतो. मला वाटायचं, म्या पेपर वाचतोय.”

मी पदर तोंडाला लावला. गाडीवाल्यानंही मान वळवली. मग भाऊजी उठले, धोतर झटकलं, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि त्याला म्हणाले, “आज काय न्हाय न्यायचं. उनातानात आलायस, जेवून जा.”

“मालक, मग परत कवा येऊ?”

“येऊ नको.”

ऐकलंत का, अक्का? ‘येऊ नको’! ‘बघू’ नाही! मी आत जाऊन त्या गाडीवाल्याला असं वाढलं की त्याला उठवेना. दिवेलागणीच्या आधी भिंतीपलीकडून राबियाबीची हाक आली, “मुलगी झाली गं! दोघी खुशाल!” मी ओसरीवर उभी राहून ओरडून विचारलं, “टोपडं बसलं का?” “मोठं व्हतं! नाकापर्यंत येतंय!” तिकडं बायका हसल्या, इकडं मी हसले. भाऊजी परसदारानं आले नाहीत. ओसरीवरून, बळदावरून, सरळ आत आले.

आज सकाळी मी बळदात बसून टोपल्या पुन्हा भरायला घेतल्या. कुणाकडं काय जाणार ते आठवत, चुकत, पुन्हा काढत. सगळं आठवत नाही, अक्का. ती बारक्या शिंपल्यांची टोपली कुणासाठी होती, देव जाणे. तेवढ्यात दारात सावली पडली. भाऊजी उभे होते. धोतराचा सोगा दोन्ही हातांनी धरलेला, त्यात काहीतरी जड. आत आले आणि एकेक करून समोर ठेवलं. शेर, अच्छेर, पावशेर. दुकानातली जुनी लोखंडी वजनं.

किलो आले तेव्हा ही वजनं दुकानातून काढावी लागली. लोणच्यावर दडपण ठेवायला तुम्ही ती मागितली होती आणि भाऊजींनी सांगितलं होतं, “सरकारजमा केली.” कुठली सरकारजमा! गादीच्या खाली फडक्यात गुंडाळून ठेवली होती. टाकवली नाहीत आणि तुम्हाला देववलीही नाहीत. आपल्या घरात वस्तू सांभाळायची खोड एकट्या तुम्हालाच होती असं आम्ही समजत होतो!

“मागत हुती,” भाऊजी म्हणाले. “दिली न्हाईत म्या.” मग एक वजन उचलून, “कुठं ठिवू?”

माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर तयार होतं. लोखंड लोखंडात. खिळे, कड्या, मोडकी विळी, त्यांच्या शेजारी. आयुष्यभर तुमच्याशी याच्यावरूनच भांडले. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “लोणच्याच्या टोपलीत.”

भाऊजींनी वजनं त्या टोपलीत ठेवली, मान हलवली आणि दुकानात निघून गेले.

अक्का, हरले मी. सरळ सरळ हरले, आणि तुम्ही ऐकायला नव्हता! तुम्ही असता तर गल्लीतल्या घरोघरी जाऊन सांगितलं असतंत, “तामलवाडीची शेवटी वठणीवर आली बाई!” राबियाबीला भिंतीवरून हाक मारून सांगितलं असतंत. मला महिनाभर तोंड वर काढू दिलं नसतंत. ते सगळं मला हवं होतं. मी टोपली उचलून फळीवर ठेवली, दाराकडं वळले, आणि तिथं कोणी नाही हे दिसत असतानाही, तुम्हाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात पुन्हा एकदा म्हणाले, “लोणच्याच्या टोपलीत, अक्का.”